शेकरूला फेटा बांधा, शेपूट मात्र त्याचीच राहू द्या: रानातल्या फोटोंवर एआयची गंमत करताना या चुका टाळा

दांडेलीत काढलेला धनेशाचा फोटो, प्रॉम्प्टमध्ये 'याचं मजेशीर कार्टून कर' एवढंच, आणि थोड्याच वेळात समोर एक गोजिरवाणा पक्षी. केशरी चोच, गोल निळे डोळे, गळ्याखाली पांढरा पट्टा. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो. फक्त तो धनेश नसतो. दक्षिण अमेरिकेतला टूकन असतो.

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर घिबली-छाप चित्रांची लाट आली आणि त्याच वर्षी जेमिनीवर टेबलावर ठेवायच्या छोट्या पुतळ्यांची. चोर्ला, जांबोटी, कणकुंबीकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या मंडळींनी मग माणसांवरून प्राण्यांकडे मोर्चा वळवला. गवा चहाच्या टपरीवर बसलाय, शेकरू फेटा बांधून वरातीत निघालंय. मला हा प्रकार आवडतो. लहान मुलं अशा चित्रामुळे एखाद्या पक्ष्याचं नाव विचारतात, आणि ते नाव कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात. म्हणूनच चित्रातला प्राणी खरा असायला हवा.

गडबड कुठे होते ते आधी समजून घ्या. ही साधनं तुमच्या फोटोवर रेघोट्या मारत नाहीत. ती फोटो वाचतात आणि त्यावरून नवं चित्र पहिल्यापासून तयार करतात. जी गोष्ट त्यांना शिकताना हजारो वेळा दिसलेली असते ती नीट उतरते. जी क्वचित दिसलेली असते तिथे ओळखीचं काहीतरी भरलं जातं. मोठ्या चोचीचा कार्टून पक्षी म्हटला की इंटरनेटवर टूकनच टूकन. तेव्हा प्रॉम्प्ट लिहिताना निम्मे शब्द 'काय बदलायचं नाही' यावर खर्च करा. बहुतेक जण तो भाग लिहीतच नाहीत.

प्राणीच बदलून जातो

दांडेलीच्या जंगलात धनेशाच्या चार जाती दिसतात: महाधनेश, मलबारी कवड्या, मलबारी राखी आणि साधा राखी धनेश. महाधनेशाच्या चोचीवरचं पिवळं शिंग ही त्याची ओळख. नराचा डोळा लाल, मादीचा पांढुरका. एआय पहिल्या फटक्यात शिंग गाळतं आणि डोळा सरसकट काळा किंवा निळा करतं. त्यामुळे प्रॉम्प्ट असा असू द्या: 'चोच आणि चोचीवरचं शिंग फोटोत आहे तसंच ठेव. डोळ्याचा रंग बदलू नको. पंखांवरचे पांढरे पट्टे तसेच हवेत. फक्त डोक्यावर पोस्टमनची टोपी आणि खांद्याला पिशवी घाल.' मराठीत लिहिलेलं जेमिनी आणि चॅटजीपीटी दोन्हींना कळतं. प्राण्याचं शास्त्रीय नाव मात्र रोमन लिपीत जोडा, कारण 'धनेश' एवढ्यावर त्यांना जात नेमकी पकडता येईलच असं नाही.

गव्याच्या बाबतीत घोटाळा आपणच करून ठेवतो. आपल्याकडे बरेच जण गव्याला 'बायसन' म्हणतात, तेच प्रॉम्प्टमध्ये लिहितात आणि मग अमेरिकेच्या माळावरचा केसाळ, दाढीवाला प्राणी चोर्ला घाटात उभा राहतो. 'गौर' लिहा, त्याचं शास्त्रीय नाव लिहा. एवढं करूनही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, गुडघ्याखालचे पांढरे पायमोजे. दोन, पाठ. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत स्नायूंची उंच धार असते. एआय तिथे बैलाचं वशिंड चिकटवतं, आणि आपल्या गावाकडचा कोणीही शेतकरी ते बघून हसतो. चुकीच्या कारणासाठी.

शेकरूची शेपूट हा तर कायमचा तंटा. परदेशी खारीची शेपूट पाठीवर प्रश्नचिन्हासारखी वळलेली असते, आणि चित्रात तीच येते. आपलं शेकरू फांदीवर बसून फळ खात असतं तेव्हा त्याची लांबलचक शेपूट खाली लोंबत असते. तोल सांभाळायला ती लागते. 'शेपूट फांदीखाली सरळ लोंबती ठेव' हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. रंगही बघा: पाठ तपकिरी-तांबूस आणि काळसर, पोट फिकं. सगळं अंग एकसारखं नारिंगी झालं की ते शेकरू उरलं नाही.

बिबट्याच्या अंगावर गुलाबासारखी पोकळ फुलं असतात. एआय पुष्कळदा भरीव टिकल्या काढतं आणि वर डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ ओढून चित्ता करून टाकतं. काळ्या बिबट्याच्या चित्रात अंग सपाट डांबरासारखं येतं. प्रत्यक्षात त्याच्यावरही फुलं असतात आणि तिरप्या उन्हात ती दिसतात. तुमच्या फोटोत ती दिसत असतील तर नशीब समजा आणि ती राखून ठेवायला सांगा.

धूपदाळच्या बंधाऱ्याजवळ, घटप्रभा अभयारण्यात, हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या करकोच्याचा फोटो देऊन बघा. 'मजेशीर कर' म्हटलं की चोचीत बाळाचं गाठोडं येण्याची शक्यता दाट, कारण युरोपातल्या चित्रांत हा पक्षी शतकभर तेच काम करतोय. आपल्याला त्याच्याकडून दुसरं काही करवून घ्यायचं असेल तर ते नेमकं सांगावं लागतं. ऊसतोडीच्या हंगामात गोकाककडे आलेला पाहुणा म्हणून त्याच्या हातात, म्हणजे पंखात, उसाचं कांडं द्या.

भीमगड अभयारण्यातल्या वटवाघळाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: एआयला त्याला हात लावू देऊ नका. खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहांमधलं हे रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवलं आणि पुढे कित्येक दशकं जगात त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं. पुढे मुस्कटावर झुकलेले मोठे कान, पंखांच्या पडद्याबाहेर आलेली मोकळी शेपटी. याचे फोटोच जगात इतके कमी आहेत की एआयकडे शिकण्यासारखं काही नाही. ते दात विचकणारं भुताटकीचं वटवाघूळ देतं. अशा वेळी फोटोतून प्राणी कापून घ्या, तो जसाच्या तसा ठेवा आणि गंमत फक्त मागच्या चित्रात करा. आणि फोटो नसेल तर चित्रासाठी म्हणून गुहेकडे जाऊ नका. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि गुहेतली गडबड त्या प्राण्यांना सोसत नाही.

फोटो निवडतानाच चूक होते

लांबून काढलेला, कापून कापून नखाएवढा उरलेला पक्षी दिला की एआयला पिसं, डोळा, नखं सगळं मनानेच रचावं लागतं. तोंडासमोरून गेलेली काटकी चित्रात मिशी किंवा शिंग होते. पानांआडून डोकावणारं माकड आपल्याला कळतं; चित्रात पानं त्याच्या अंगालाच फुटतात. बाह्यरेषा स्पष्ट असलेला, डोळा दिसणारा, मागची गर्दी कमी असलेला फोटो घ्या. सुंदर नसला तरी चालेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंमत फोटोत आधीच असावी लागते. बेळगावच्या किल्ला तलावाच्या काठाला कमरेवर हात ठेवल्यासारखी उभी पाणकोंबडी, जांभई देणारा पिंगळा, पाठ खाजवणारं वानर. असा क्षण सापडला तर टोपी, चष्मा, फेटा यांची फारशी गरजच पडत नाही. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या एआय विभागात फ्लेमिंगोचा खरा फोटो मुद्दाम पाठवला. पक्ष्याने पोट खाजवायला मान खाली घातल्यामुळे तो बिनडोक्याचा दिसत होता. परीक्षकांनी तिसरा क्रमांक दिला, लोकांची मतंही त्यालाच पडली, आणि फोटो खरा असल्याचं त्याने सांगितल्यावर तो बाद झाला. तुमच्या कार्डमध्येही असे फोटो पडून असतील, जे 'नीट आला नाही' म्हणून बाजूला टाकले होते.

पाचव्या दुरुस्तीला चेहरा हरवतो

पहिलं चित्र आलं, टोपी लाल हवी. दुसरं आलं, मागचं झाड काढ. तिसरं, चष्मा दे. पाचव्या फेरीला टोपी मनासारखी होते आणि गव्याचं तोंड म्हशीचं होतं. प्रत्येक फेरीत पूर्ण चित्र नव्याने तयार होतं आणि थोडं थोडं सरकत जातं. एवढासा भाग बदलायला सांगितला तरी बाकीचं चित्र किंचित हलतंच.

उपाय दोन. दोन-तीन फेऱ्यांत जमलं नाही तर त्याच चित्राला ओढत बसू नका. मूळ फोटो परत चढवा आणि सगळे बदल एकाच प्रॉम्प्टमध्ये द्या. दुसरा उपाय जरा खटपटीचा, पण मला तोच भरवशाचा वाटतो. एआयचं चित्र आणि मूळ फोटो एकावर एक लेयर, म्हणजे थर, म्हणून ठेवा आणि मास्क वापरून, म्हणजे वरचा थर हवा तेवढाच झाकून, डोळा, चोच, शिंगं मूळ फोटोतून परत आणा. फोटो संपादनाच्या साधनांपैकी गिम्प फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं. चित्रातल्या आणि फोटोतल्या पोताचा फरक दिसला तर मूळ भागावर हलकासा रंगकामाचा फिल्टर द्या.

स्वतःच्या संगणकावर स्टेबल डिफ्युजन हे चित्रं करणारं एआय चालवणाऱ्यांच्या हातात जास्त लगाम असतो. तिथे 'डिनॉइझिंग स्ट्रेंथ' नावाचा आकडा ० ते १ असतो: ० म्हणजे फोटो तसाच, १ म्हणजे फोटोचा जवळपास संबंध सुटला. अनेक ठिकाणी तो सुरुवातीलाच ०.७५ ला ठेवलेला असतो आणि तेवढ्यात प्राणी पळून जातो. ०.३५ च्या आसपास सुरू करा आणि हळूहळू वाढवा. त्याहून जास्त मोकळीक हवी असेल तर त्याच्या कंट्रोलनेट या जोडसाधनात फोटोच्या बाह्यरेषा बांधून घ्या. मग आकडा वाढवला तरी शेपूट जागेवर राहते.

पाटी, अक्षरं आणि झेंड्याचे रंग

चित्रातल्या टपरीवर 'चहा' लिहायला सांगितलं की कधी बरोबर येतं, कधी 'चह्ाा'. कन्नडचेही हाल तेच. नवी साधनं सुधारली आहेत, पण दोन शब्दांच्या पुढे जोडाक्षर आलं की अजूनही धोका आहे. पाटी कोरी ठेवायला सांगा आणि अक्षरं नंतर स्वतः टाका. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायचं असेल तर 'बलू' आणि 'बलू तम्मा' हे फाँट वापरून बघा. दोन्ही एकाच घराण्यातले आहेत, एक देवनागरीसाठी, दुसरा कन्नडसाठी, आणि दोन्ही फुकट मिळतात. शेजारी शेजारी ठेवले तर एकाच हाताने लिहिल्यासारखे दिसतात. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी जागा सोडत असेल, जोडाक्षर तुटत असेल, तर फाँट बदलत बसू नका. टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, पुन्हा टाइप करा, जमतं.

कन्नड ओळ छापण्याआधी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत असा माणूस आहे, आणि त्याला विचारलं तर आनंदच होतो. आपल्या भागात अक्षर चुकलं तर लोक फाँटला दोष देत नाहीत, हेतूला देतात. रंगांचंही तसंच. कन्नड झेंड्यासारखा वर पिवळा आणि खाली लाल पट्टा आला की तो सूर्यास्त आहे हे समजावत बसावं लागतं. भगवी पताका आपोआप आली तर तेही. माकडाच्या हातातल्या झेंड्यावरून वाद नको असेल तर 'कुठलाही झेंडा किंवा पताका नको' हे प्रॉम्प्टमध्ये आधीच टाका.

मागचं दृश्यही तपासा. 'पश्चिम घाट' लिहिलं की चहाचे मळे नाही तर पाइनची झाडं येऊ शकतात. खानापूरच्या जंगलातला तांबडा जांभा, पावसाळ्यातलं धुकं, धूपदाळचं उथळ पाणी आणि पलीकडचा ऊस यांचा तुमचाच एखादा फोटो दुसरा संदर्भ म्हणून जोडा. जेमिनीला एकापेक्षा जास्त फोटो देता येतात. शैलीसाठी 'भारतीय' हा शब्द टाळा, त्यातून मंडल आणि मोर येतात. गोकाकच्या रंगीत खेळण्यांसारखं हवं असेल तर गोकाकचं नाव पुरत नाही. 'गुळगुळीत, हाताने रंगवलेलं, चकचकीत रंगाचं खेळणं, साध्या गोल आकारांचं' असं वर्णन करा, आणि घरी खेळणं असेल तर त्याचा फोटोच द्या.

गंमत आणि अफवा

ही चूक बाकी सगळ्यांपेक्षा महागात पडते. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला होता. आसपासच्या शाळा बरेच दिवस बंद राहिल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणून शोधमोहीम चालली. अशा दिवसांत कोणी टिळकवाडीतल्या एखाद्या ओळखीच्या चौकात बसलेल्या बिबट्याचं खरं वाटणारं चित्र टाकलं तर काय होईल? पुढचे तीन तास वनखात्याची माणसं चित्रामागे धावतील, आणि खरा प्राणी दुसरीकडे असेल.

म्हणून खरी जागा, खरा दिसणारा हिंस्र प्राणी आणि गंभीर चेहरा ही तिन्ही एका चित्रात आणू नका. बिबट्याला चौकात बसवायचाच असेल तर ठळक कार्टून करा, वाहतूक पोलिसाची शिट्टी द्या. 'एआयने केलेलं चित्र' ही ओळ चित्राच्या आतच टाका. खाली लिहिलेली ओळ दुसऱ्या फॉरवर्डला गळून पडते. जेमिनीच्या चित्रांवर कोपऱ्यात दिसणारी खूण कापू नका. गूगलच्या चित्रांत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूणही असते, पण ग्रुपवरच्या काकांना ती दिसणार नाही.

पक्ष्यांची नोंद करणाऱ्यांनी आणखी एक पाळावं. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर मूळ फोटोच द्या. एआयने धूसरपणा काढून 'साफ' केलेला फोटोसुद्धा तिथे नको, कारण साफ करताना पिसांची नक्षी ते मनानेच रचून टाकतं आणि जात ओळखायची खूण त्यातच असते. स्पर्धेला पाठवतानाही नियम वाचा; वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धा एआयची चित्रं घेत नाहीत.

जागेचा पत्ता हा वेगळाच धोका. फोनने काढलेल्या फोटोत जीपीएसची नोंद असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइलबरोबर जाते, आणि एआयच्या ॲपवर मूळ फाइल चढवली तर तिथेही. धनेशाच्या घरट्याचा फोटो असेल तर विशेष जपा. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून चारा भरवतो, आणि तीच ढोली वर्षानुवर्षं वापरली जाते. एकदा झाड कळलं की दरवर्षी तिथे गर्दी होते. चढवण्याआधी लोकेशन काढून टाका आणि चित्राखाली तालुक्यापलीकडे पत्ता देऊ नका. खरं सांगायचं तर घरट्याचा फोटो या खेळात आणूच नये.

दुसऱ्याचा फोटो असेल तर विचारा. ग्रुपवर आला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क फोटो काढणाऱ्याचा आहे, आणि त्याचं नाव पुसून गव्याला गॉगल लावणं हा विनोद होत नाही.

छापायला दिलं की रंग उडतो

गणपतीच्या मांडवात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, शाळेच्या भिंतीवर ही चित्रं आता दिसू लागली आहेत. स्क्रीनवर छान दिसणारं १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, जेमतेम साडेआठ-पावणेनऊ सेंटीमीटर भरतं. पूर्ण ए-४ पानासाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. चार बाय सहा इंचांच्या पोस्टकार्डला १२०० बाय १८०० पुरतात, म्हणून सुरुवात पोस्टकार्डापासून करावी. फ्लेक्स लांबून बघतात, तिथे शंभर डीपीआयच्या आसपासही भागतं.

चित्र मोठं करणारं साधन वापरण्याआधी पाय मोजा. गंमत म्हणून सांगत नाही. माकडाचा तिसरा हात छोट्या चित्रात फांदीआड लपतो आणि सहा फुटी फ्लेक्सवर मंडळाच्या अध्यक्षांच्या फोटोशेजारी उघडा पडतो. मोठं केल्यावर डोळे, नखं आणि दात पुन्हा एकदा बघा, कारण ते साधनही तिथे स्वतःची भर घालतं.

एआयला झगमगता हिरवा आणि निळा फार आवडतो. छपाईच्या चार शाईंत ते रंग बसत नाहीत आणि पावसाळ्यातलं रान शेवाळी-राखाडी होतं. छापखान्यात फाइल देताना एक छोटा नमुना काढून मागा, आणि तो बाहेर उजेडात नेऊन बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हिरवा वेगळाच दिसतो. रंग मेलेला वाटला तर चित्रातला भडकपणा आधीच थोडा उतरवून, सावल्या जरा उजळ करून फाइल परत द्या.